ओव्हर म्हटल्याशिवाय

उपग्रहावरून चालणाऱ्या तीन वॉकीटॉकी आमच्या तहसील कार्यालयात आल्या तेव्हा सगळ्यात आधी त्यांची पूजा झाली. शिपायानं खोक्यांवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि मग सेट लोखंडी कपाटात ठेवून किल्ली नायब तहसीलदार साहेबांकडे दिली. पुढचे पंधरा दिवस ते कपाटातच होते. ज्या यंत्राला उघडं आभाळ दिसल्याशिवाय एक शब्द बोलता येत नाही, ते आम्ही जाड पत्र्याच्या आत कुलूपबंद केलं होतं, आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही. सरकारी वस्तू कपाटात असली की सगळ्यांना शांत झोप लागते.

मी तिथं कारकून. माहेर शिरपूरचं. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यामुळं माझं सगळं लहानपण गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलं. जिभेला हाड नाही आणि राग नाकाच्या शेंड्यावर, असं माझं वर्णन माझ्या सासरचेही करतात आणि माहेरचेही, म्हणजे त्यात तथ्य असणार. एकदा एका बैठकीत याच नायब तहसीलदार साहेबांना मी उलटून बोलले. आठवडाभरात मला पावसाळ्यापुरती आपत्ती नियंत्रण कक्षाची ड्यूटी लागली. ती ड्यूटी कोणालाच नको असते, कारण एक तर काही घडत नाही म्हणून कंटाळा, नाही तर घडतं म्हणून घोर.

कक्ष म्हणजे एक खोली, एक टेबल, एक नोंदवही आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा. एक सेट माझ्या टेबलावर आला. त्याचा अँटेना वर गच्चीवर बसवला आणि वायर खिडकीतून आत घेतली. गच्चीवरच्या वानरांना तो अँटेना फार आवडला. दर दोन दिवसांनी ती त्याला लोंबकळून वाकडा करत आणि शिपाई काठी घेऊन वर जाऊन सरळ करत असे. दुसरा सेट साहेबांच्या जीपसाठी होता. तिसरा बोटीवरचा.

शिकवायला बाहेरून एक तरुण आला होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. पुरात टॉवर बंद पडला की मोबाइल निकामी. या सेटला टॉवर लागत नाही, त्याचा आवाज थेट वर उपग्रहाकडं जातो आणि तिथून दुसऱ्या सेटवर उतरतो. समुद्रातल्या बोटी आणि बचाव पथकं हेच वापरतात, असं तो म्हणाला. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण पैनगंगा आहे, आणि ती काठ सोडून वावरात शिरली की कोणाला त्यातला फरक विचारत बसायची सवड नसते.

वापरायची रीत सोपी होती. बटण दाबायचं, टुक असा आवाज होईपर्यंत थांबायचं, बोलायचं, शेवटी ‘ओव्हर’ म्हणायचं आणि बटण सोडायचं. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांना बोलता येत नाही, दाबलं तर नुसतं टूं-टूं वाजतं. म्हणून समोरचा ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत ऐकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आवाज वर जाऊन खाली यायला सेकंद-दोन सेकंद लागतात, तेवढा धीर धरायचा. एवढंच.

हे एवढंच बोटवाल्या भाऊंना जमेना.

भाऊ म्हणजे आमची रबरी बोट चालवणारा माणूस. पंचावन्नच्या आसपासचा, काटक, नदीकाठच्या एका खेड्यातल्या भोयाच्या घरचा. बाप आणि आजा दोघेही तलावात मासे धरणारे. तलाव ठेक्यानं दुसऱ्यांकडं गेले तसं भाऊंचं पाणी सुटलं. मग गवंड्याच्या हाताखाली काम केलं, दोन हंगाम ऊसतोडीला जाऊन आले. तालुक्याला बोट मिळाली तेव्हा ती चालवू शकणारा आणि पाण्याचा रंग पाहून खोली सांगणारा हा एकच माणूस सापडला. पावसाळ्यापुरतं काम, पण त्यांना त्याचा इतका अभिमान की कार्यालयानं दिलेलं नारिंगी जॅकेट घालून ते केनवडच्या बाजाराला जायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, ‘बोट कवा बलावन काय सांगता येते?’

आमचं दोघांचं चांगलं जमायचं. आम्ही जैन, माझ्या डब्यात कांदा-लसूणसुद्धा नसतो आणि त्यांच्या पिशवीला कायम मासळीचा वास. ते पिशवी आपणहून दाराबाहेर ठेवत आणि म्हणत, ‘ताई, तुमचा धरम बाटू नाही देनार मी.’ दर सोमवारी संध्याकाळी सेटची चाचणी असायची. भाऊ मैदानात उभे राहत, मी कक्षात बसे.

पहिल्याच सोमवारी भाऊ दोन शब्द बोलून थांबले. मी ‘ओव्हर’ची वाट पाहत गप्प. तेही गप्प. शेवटी सेट हातात धरून चालत कक्षाच्या दारात आले.

‘ताई, आयकून राह्यल्या ना?’

‘ऐकते आहे भाऊ. तुम्ही पूर्ण बोला आणि मग ओव्हर म्हणा.’

‘समोरचं मानूस हू नाही का चू नाही. मी बोलू कोनाशी? आमच्या गावात कोनी गोष्ट सांगून राह्यला अन् आयकनाऱ्यानं हुंकारा देल्ला नाही, तं सांगनारा उठून चालला जाते. त्याले वाटते, आपलं आयकाची इच्छाच नाही कोनाले.’

हे काही फक्त त्यांच्या गावचं नव्हतं. आमच्या दुकानातही वडील हिशेब सांगताना गिऱ्हाइकानं ‘हं’ म्हटलं नाही तर पुढच्या ओळीवर जात नसत. मोबाइलवर बोलतानाही आपण सगळे दर चार शब्दांमागं ‘हो’, ‘हं’, ‘बरं’ करतच असतो, आपल्याला कळतही नाही. पण मोबाइलवर दोघांचा आवाज एकाच वेळी चालतो. इथं तसं नव्हतं, आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं की ज्याला सेट वापरता येणार नाही त्याला बोटीवर ठेवता येणार नाही. भाऊंची बोट जाणार या विचारानं मलाच कसंतरी झालं.

मग मी तोडगा काढला. भाऊंनी एक वाक्य बोलून बटण सोडायचं. मी बटण दाबून ‘हं’ म्हणायचं. मग त्यांनी पुढचं वाक्य. ‘ओव्हर’ची गरजच नाही. पुढच्या सोमवारी भाऊ घडाघडा बोलले. आपल्या बोटीबद्दल, बाजाराबद्दल, घरच्या शेळीबद्दलसुद्धा. मी हं, हं करत गेले. मला वाटलं, झालं, जिंकलो. आमचा हा उपाय कोणाला सांगायची मला गरज वाटली नाही.

रंगीत तालीम शहराजवळच्या तलावावर झाली. बुडणारा माणूस म्हणून कुटार, म्हणजे भुसा, भरलेलं एक पोतं पाण्यात टाकायचं होतं. ते कुठं टाकलं हे काठावरून साहेब सेटवर सांगणार, भाऊ बोट घेऊन तिकडं जाणार आणि मी कक्षात बसून नोंद घेणार, असं ठरलं होतं. तालीम सुरू झाली.

‘तलावात उतरलो,’ भाऊ म्हणाले.

‘हं.’

‘पानी शांत हाय.’

‘हं.’

‘डाव्या अंगाले बेशरमाची झाडं लय माजली.’

‘हं.’

तिकडं साहेब काठावर बटण दाबत होते आणि त्यांना टूं-टूं ऐकू येत होतं. कधी भाऊंनी दाबलेलं, कधी मी. तिसऱ्याला मधे घुसायला फटच नव्हती. दहा मिनिटांत कुटार भिजलं आणि पोतं तळाला गेलं.

साहेब परत आले ते थेट कक्षात. मागोमाग सगळं पथक, शिपाई आणि सेट बघायला जमलेले दहा-पंधरा लोक. ‘मॅडम, तुम्हाला इथं हुंकारे द्यायला बसवलं आहे का? तुमच्या हुंकाऱ्यापायी माणूस बुडाला.’

‘पोतं बुडालं,’ मी म्हटलं. जिभेला हाड नाही ते असं.

साहेब लाल झाले. ‘ओव्हर ऐकू येईपर्यंत ज्यांना तोंड बंद ठेवता येत नाही त्यांनी घरी पोळ्या लाटाव्यात,’ ते म्हणाले. शिपाई फिसकन हसला. मग भाऊंकडं वळून, ‘आणि तुम्ही. पुन्हा असं झालं तर बोटीवर दुसरा माणूस बसेल.’ भाऊ मान खाली घालून उभे होते. त्यांनी जॅकेटची चेन उगाच वर-खाली केली.

मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. अपमान गिळायची मला सवय नाही. सकाळी येताना मी एक कागद आणला, त्यावर माझ्या चांगल्या अक्षरात सेट वापरायचे नियम लिहिले आणि टेबलासमोर चिकटवले. मनाशी ठरवलं, नियम म्हणता ना, आता नियम म्हणजे नियम. कोणी ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय माझा अंगठा बटणाला लागणार नाही, मग तिकडं काही का होईना. हे मी भाऊंना सांगायला हवं होतं. सोमवारी सांगू म्हणून राहिलं, आणि त्या सोमवारी पावसाची झड लागली. चाचणी झालीच नाही.

झड दोन दिवस उतरली नाही. तिसऱ्या दिवशी नदीनं काठ सोडला. सकाळीच मोबाइलचा टॉवर बंद पडला. दुपारी एक माणूस पोहत आणि चालत कसाबसा कार्यालयात आला आणि त्यानं सांगितलं की नदी आणि नाल्याच्या मधल्या पट्टीतल्या वावरात सालदाराचं कुटुंब अडकलंय. नवरा, बायको, म्हातारी आई आणि दोन लेकरं, पाचही जण गोठ्याच्या स्लॅबवर चढून बसले होते. चारच्या सुमारास भाऊ आणि एक होमगार्ड बोट घेऊन निघाले. साहेब जीप घेऊन नदीकाठच्या रस्त्यावर थांबले. मी कक्षात.

पाच वाजून वीस मिनिटांनी सेट वाजला.

‘ताई, पोचलो. पाचही जन नीट हायेत.’

बटण सुटल्याचा आवाज आला. मी नोंदवहीत वेळ लिहिली. अंगठा बटणावर गेला नाही. ‘ओव्हर’ नव्हतं.

काही सेकंद गेले. ‘मशीनच्या पंख्यात ठिबकच्या नळ्या गुतल्या. कापून राह्यलो.’

पुरात वावरातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या मोकळ्या होतात आणि मोटरच्या पंख्याला वेटोळे घालतात, हे मला भाऊंनीच मागं सांगितलं होतं. मी लिहिलं, पंखा अडकला. पुन्हा थांबले. तेही थांबले.

‘अर्धा-पाऊन घंटा लागन.’

मी लिहिलं.

‘ताई?’

तो ‘ताई’ मला अगदी स्वच्छ ऐकू आला. त्यात प्रश्न होता, तोही कळला. समोर माझ्याच अक्षरातला कागद होता. मी मनात म्हटलं, म्हणू दे ना एकदा ओव्हर, तोंड झिजतं का? त्यांच्यापायी मी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्यांनी एक शब्द शिकायचे कष्ट घ्यायला काय हरकत आहे? हे सगळं मी खरोखर असंच म्हटलं, आणि हाताची घडी घालून बसले.

‘पानी इथं भितीच्या तिसऱ्या थरावर हाय. उतरून राह्यल्यासारखं वाटते. उतरलं का निघतो.’ मग बराच वेळ काही नाही. मग, ‘बरं. ठीक हाय.’

त्यानंतर सेटच्या पडद्यावरचं बोटीचं चिन्ह गेलं. म्हणजे त्यांनी सेट बंद केला होता. मी तीही वेळ लिहिली, पाच पंचवीस.

हे सगळं साहेबांना ऐकू यायला हवं होतं, कारण तिन्ही सेट एकाच गटात होते. पण पावसात भिजू नये म्हणून साहेबांनी त्यांचा सेट जीपच्या आत, पत्र्याखाली ठेवला होता. त्याला आभाळ दिसत नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्याची नोटीस कधी कोणी काढली नाही.

पावणेसहाला पाटबंधारे खात्याचा एक माणूस ओलाचिंब होऊन कक्षात आला. वरच्या धरणाचे दरवाजे सहा वाजता आणखी उचलणार होते. त्या पट्टीत पाणी पोचायला अर्धा तास, फार तर पाऊण तास. मी उभीच राहिले. बटण दाबलं. ‘भाऊ, ऐकताय का? धरणाचं पाणी सोडतात. लगेच निघा. ओव्हर.’ काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. दर वेळी मी न विसरता ओव्हर म्हणत होते, तेच मला आठवतं. त्या माणसाला मोटरसायकलवर साहेबांकडं पिटाळलं. साहेब सेट घेऊन पावसात बाहेर आले, तेही हाका मारायला लागले. जीपचा भोंगा वाजवला, दिवे उघडझाप केले. मधे बाभळींची रांग आणि अर्धा मैल रुंद पाणी. पलीकडं काही गेलं नाही.

आधी मला लाज वाटली. भीती मागून आली. भाऊंचं ते बोलणं सारखं डोक्यात येत होतं, हुंकारा नाही दिला तर सांगणारा उठून जातो. मला वाटलं, मी त्यांना उठवून लावलं. पाच जण स्लॅबवर, दोघं बोटीत, आणि पाणी येतंय हे फक्त मला माहीत. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबत राहिले.

तिकडं काय झालं ते होमगार्डनं नंतर सांगितलं. भाऊ पंखा मोकळा करत होते, पण त्यांचं लक्ष भिंतीवर होतं. तिसरा थर बुडाला, मग चौथा. पाण्यावर फेस आला, ओलं हिरवं गवत वाहत आलं. भाऊ म्हणाले, ‘हे पावसाचं पानी नोय. सोडेल पानी हाय.’ पंखा अजून अडकलेलाच होता. त्यांनी सगळ्यांना बोटीत घेतलं, गव्हाणीच्या दोन फळ्या उपसल्या, एक होमगार्डला दिली, एक स्वतः घेतली, आणि बोट प्रवाहात सोडून दिली. प्रवाहाशी भांडायचं नाही, त्याच्या कलानं जात जात खाली दोन किलोमीटरवर मारुतीच्या उंच पाराला लागायचं, असा त्यांचा बेत होता. पाराच्या अलीकडं विजेचा खांब आडवा आला. भाऊंनी डावा हात घालून बोट वाचवली. हात खांब आणि बोटीच्या मधे सापडला. पुढं तारेच्या कुंपणानं बोट फाटली, मोटर गेली, पण तोवर पाय टेकले होते. म्हातारीला भाऊंनी एका हातानं वर ओढलं.

सव्वासातला सेटवर साहेबांचा आवाज आला, ‘आले. सातही आले. ओव्हर.’ मी ‘हो, ओव्हर’ म्हटलं आणि टेबलावर डोकं ठेवलं.

भाऊंच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली होती. ती पुढं जुळली, पण सरळ झाली नाहीत. होमगार्ड म्हणाला, अर्ध्या घंट्याआधी खबर भेटली असती तर कमी पाण्यातच निघालो असतो, खांब लांब राहिला असता. तो कोणाला दोष देत नव्हता, सहज म्हणाला.

बोट फाटली, मोटर गेली, म्हणून जिल्ह्यावरून अहवाल मागितला गेला. साहेबांनी माझी नोंदवही पाहिली. पाच पंचवीसला बोटीवरचा सेट बंद. दोन दिवसांनी भाऊंना कारणे दाखवा नोटीस निघाली. आपण कर्तव्यावर असताना सेट निष्काळजीपणे बंद ठेवला, त्यामुळे सात जणांचा जीव धोक्यात आला आणि शासकीय मालमत्तेचे नुकसान झाले, तरी आपणास बोटीच्या कामावरून का कमी करू नये. ही नोटीस टाईप मी केली. एकही चूक न करता केली.

नोटीस घेऊन भाऊ माझ्याकडंच आले. त्यांना वाचता येतं, पण सरकारी मराठी येत नाही, आणि ते कोणाला येतं? हाताला पट्टी होती. अंगात जॅकेट नव्हतं.

‘ताई, काय लिवलं हाय ते वाचा, अन् उत्तर लिवून द्या.’

मी वाचून दाखवलं. ते ऐकत उभे राहिले.

‘लिवा का मले मशीन समजत नाही. चूक झाली. पन बोटीवर राहू द्या म्हना.’

‘सेट बंद काहून केला होता भाऊ?’ मी विचारलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली.

ते जरा घुटमळले. ‘लिवा, बॅटरी वाचवाले.’

मला वाटलं, हा माणूस मला दुखवायला नको म्हणून खोटं सांगतोय. मी म्हटलं, ‘उद्या या. उद्या लिहून देते.’

ते गेले आणि मी कोरा कागद घेतला. माझं स्वतःचं निवेदन लिहिलं. पाच वीस ते पाच पंचवीस बोटीवरून सहा वेळा संदेश आला, तो मला स्पष्ट ऐकू आला, शेवटी ‘ओव्हर’ नव्हतं म्हणून मी एकदाही उत्तर दिलं नाही, त्यांना हुंकाऱ्याची सवय मीच लावली होती आणि ती मोडल्याचं त्यांना कळवलं नव्हतं, उत्तर न देण्यामागं तालमीच्या दिवशीचा राग होता. एवढं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. रागाचं वाक्य दर वेळी गळत होतं.

साहेबांनी निवेदन दोनदा वाचलं. ‘मॅडम, हे कशाला दिलंत? कागदोपत्री तुम्ही नियमात आहात. सेट त्यांनी बंद केला.’ त्यांनी कागद माझ्या बाजूला सरकवला. ‘घेऊन जा. मी पाहिलं नाही.’

त्या क्षणी तो कागद उचलावा असं मला फार वाटलं, हे कबूल करते. नोकरीची दहा वर्षं राहिली आहेत. मी म्हटलं, ‘राहू द्या साहेब.’

त्यांनी आवक-जावकचा शिक्का मागवला.

भाऊंची नोटीस समज देऊन बंद झाली. ते बोटीवर राहिले, नवी बोट आली तीही त्यांच्याच ताब्यात. माझी ड्यूटी काढली आणि मला अभिलेख कक्षात टाकलं. तिथं जुने सातबारे, फेरफार, वाळवी आणि मी. वेतनवाढीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. साहेबांनी तालमीच्या दिवसाबद्दल कधी काही म्हटलं नाही, पण कक्षातला माझ्या अक्षरातला कागद त्यांनी काढून टाकायला लावला, असं शिपाई म्हणाला.

आठवड्याभरानं दुपारी भाऊ अभिलेख कक्षात आले. पिशवी दाराबाहेर ठेवली. इकडंतिकडं गठ्ठे पाहिले.

‘तुमाले इथं काहून टाकलं ताई?’

मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. निवेदनात लिहिलं होतं तेवढं आणि वरचंही. तोंड झिजतं का म्हटलं होतं, तेसुद्धा. सांगताना मी त्यांच्या वाकड्या बोटांकडं पाहत होते. ते मधे काही बोलले नाहीत. 

‘म्हंजे तुमी तिथंच बसून होत्या?’

‘होते. शब्द न् शब्द ऐकला.’

‘मले वाटलं, जेवाले गेल्या.’

मला कळेना. ते म्हणाले, ‘आभाळ भरेल होतं, अंधारून आल्तं. तुमाले दिवस बुडाच्या आत जेवा लागते ना? सोमवारी पाहो मी, उन उतरलं का तुमी डबा काढत. मनलं, ताई जेवाले बसल्या असन. त्याइले अर्धा घंटा देऊ. तवपर्यंत मशीन चालू ठेवून कायले बॅटरी जाळा? म्हून बंद केलं. मंग पानी चढलं, अन् चालू कराचं राहूनच गेलं.’

चातुर्मासात आमच्या घरी सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहून ध्यानात ठेवलं होतं, आणि पुरात, पंखा अडकलेल्या बोटीत, माझ्या जेवणासाठी अर्धा तास राखून ठेवला होता. आणि मी त्या वेळी हाताची घडी घालून बसले होते.

‘हे नोटिशीच्या उत्तरात का नाही सांगितलं?’ मी विचारलं.

‘तुमच्या जेवनाचं सरकारी कागदावर कायले लिवा?’

मी म्हटलं, ‘भाऊ, मला चार शिव्या द्या.’ मी मनापासून म्हटलं होतं. त्यांनी दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ते ऐकत नव्हते. काहीतरी जुळवत होते. ‘सव्वासातले आमी काठाले लागलो,’ ते सावकाश म्हणाले. ‘तवा तं अंधार पडला होता.’

‘हो.’

‘मंग तुमी त्या रोजी उपाशीच झोपल्या.’

त्यांचा चेहरा उतरला. खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना. मला त्यांच्याकडं बघवेना.